एका क्रियापदावर पारखलेली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी

नवा शब्दकोश हातात आला की बहुतेक लोक त्यात एखादा अवघड, क्वचित भेटणारा शब्द शोधतात आणि तो सापडला की कोश चांगला आहे असे ठरवतात. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याच्या व्यवसायात राहून माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. अवघड शब्दाला सहसा एकच अर्थ असतो आणि तो कुठल्याही बऱ्या कोशात मिळतो. कोशाचा खरा कस लागतो तो रोजच्या वापरातल्या आखूड शब्दांवर, म्हणजे ‘सेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘गो’ आणि विशेषतः ‘रन’ या शब्दांवर. म्हणून ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या, म्हणजे ‘ओईडी’च्या, संकेतस्थळावरील सेवेचे हे परीक्षण मी ‘रन’ या एकाच शब्दाच्या आधाराने लिहीत आहे. प्रारंभी एका ग्रंथालयाच्या वर्गणीतून आणि पुढे स्वतःच्या वर्गणीतून ही सेवा मी नियमित वापरत आलो आहे.

या कोशाची योजना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये मांडली, १८७९ मध्ये जेम्स मरे यांच्याकडे संपादकपद आले, पहिला भाग १८८४ मध्ये बाहेर पडला आणि संपूर्ण काम १९२८ मध्ये, म्हणजे मरे यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, तडीस गेले. प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ छापील पुराव्यानिशी, जुन्यापासून नव्यापर्यंत, कालक्रमाने दाखवायचा ही त्यामागची प्रतिज्ञा होती. त्यासाठी शेकडो स्वयंसेवक पुस्तके वाचून अवतरणांच्या चिठ्ठ्या पाठवत असत. यातला एक तपशील आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. हे वाचक दुर्मीळ शब्द उत्साहाने टिपत आणि साध्या शब्दांकडे पाठ फिरवत. मरे यांना ‘अब्यूजन’ या विस्मृतीत गेलेल्या शब्दाच्या सुमारे पन्नास चिठ्ठ्या मिळाल्या, तर ‘अब्यूज’ या नित्याच्या शब्दाच्या पाचही मिळाल्या नाहीत. त्यामुळे सामान्य शब्दांची अवतरणे संपादकांना आणि त्यांच्या सहायकांना स्वतः शोधावी लागली. आज ‘रन’ची नोंद उघडताना मला हे आठवते, कारण जो शब्द सर्वांच्या तोंडी असतो त्याची दखल घेण्याची गरज कुणालाच वाटत नाही, आणि या कोशाने ती घेतली हेच त्याचे सर्वांत मोठे काम आहे.

पहिल्या आवृत्तीत ‘आर’ या अक्षराचे संपादन विल्यम क्रेगी यांनी केले होते. १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. तिच्यात सुमारे ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांचा मजकूर होता, आणि अनेक सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आजही तोच विक्रम छापला जातो. प्रत्यक्षात २००० पासून कोशाची तिसरी आवृत्ती संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने तयार होत आहे. तिच्यात आधी ‘मेक’, मग ‘पुट’ आणि २०११ मध्ये ‘रन’ अशा क्रमाने सर्वांत मोठ्या नोंदीचा मान बदलत गेला. ‘रन’चे काम पीटर गिलिव्हर या ज्येष्ठ कोशकाराकडे होते. या एका क्रियापदासाठी त्यांना सुमारे नऊ महिने लागले आणि मोजदाद झाली ती ६४५ अर्थांची. ‘रन’ हे नाम यात धरलेले नाही. त्याची नोंद वेगळी आहे.

आता प्रत्यक्ष नोंद. ती उघडल्यावर प्रथम एक सारांशाचे पान येते आणि तिथून अर्थ, व्युत्पत्ती, उच्चार, जुनी रूपे, वापराचे प्रमाण आणि साधित शब्द अशा विभागांत जाता येते. मी सर्वांना आधी व्युत्पत्तीच्या विभागात जाण्याचा आग्रह करीन, कारण ‘रन’ समजण्याची किल्ली तिथे आहे. जुन्या इंग्रजीतील ‘रिनन’, स्कँडिनेव्हियन भाषांतील त्याची भावंडे आणि जर्मनमधील ‘रेनेन’ व ‘रिनेन’ ही क्रियापदे एकमेकांच्या नात्यातली आहेत, आणि त्यांतील ‘रिनेन’चा अर्थ आहे वाहणे. पायांनी पळणे आणि पाण्याचे वाहणे हे दोन्ही अर्थ या कुळात अगदी जुन्या काळापासून शेजारी शेजारी नांदत आहेत.

हे वाचेपर्यंत माझी, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक भाषांतरकारांची, समजूत अशी होती की ‘रन’ म्हणजे मुळात धावणे आणि बाकीचे सारे अर्थ त्याचे आलंकारिक विस्तार. कोशातील पुरावा ही समजूत पार बदलतो. ‘द रिव्हर रन्स’, ‘हिज नोज इज रनिंग’, ‘ही लेफ्ट द टॅप रनिंग’, ‘द कलर्स रॅन इन द वॉश’ या चारही वाक्यांत कुणी धावत नाही. तिथे द्रव वाहतो आहे. मराठीत मात्र या चार वाक्यांना चार वेगळी क्रियापदे लागू शकतात. नदी वाहते, नाक गळते, नळ वाहता किंवा सुटा राहतो आणि धुण्यात कापडाचा रंग जातो. संस्कृतातील ‘धाव्’ या धातूलाही धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ आहेत, ही गोष्ट संस्कृत शिकलेल्या वाचकाला इथे आठवल्यावाचून राहत नाही. दूरच्या दोन भाषांत गती आणि प्रवाह एकाच शब्दात सामावलेले पाहिले की ‘रन’ची नोंद नुसती लांबलचक यादी वाटेनाशी होते आणि तिचा उगम दिसू लागतो.

दुसरा मोठा ओघ आहे तो चालण्याचा आणि चालवण्याचा. गिरणी, यंत्र, गाडी, दुकान, संस्था, सरकार आणि शेवटी संगणकावरची आज्ञावली, या साऱ्यांसाठी इंग्रजीत ‘रन’ आहे, आणि अवतरणांच्या तारखा एकाखाली एक वाचत गेले की यंत्रयुगाने या क्रियापदाला किती खाद्य पुरवले ते स्पष्ट दिसते. इथे मराठी वाचकाची एक सोय होते, कारण आपले ‘चालणे’ जवळजवळ तेवढ्याच प्रदेशात फिरते. यंत्र चालते, दुकान चालते, नाणे चालते, नाटक चालते, घर चालवावे लागते, आणि वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्यांत बातमीही ‘चालवतात’. पण म्हणून ‘रन’ दिसला की ‘चालणे’ लिहून मोकळे होता येत नाही. उपनगरी गाड्यांच्या उद्घोषणेत गाड्या ‘उशिराने धावत आहेत’ असे आपण रोज ऐकतो. तिथे ‘रनिंग लेट’ची छाया पडली आहे आणि ती आता इतकी रुळली आहे की कुणाला खटकत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’चे मराठी ‘मला उशीर होतोय’ एवढेच आहे.

या कोशाचा उपयोग नेमका कसा होतो ते एका उदाहरणाने सांगतो. जमिनीच्या एका इंग्रजी दस्ताचे मराठी करताना त्यात अमुक एक बंधन ‘शॅल रन विथ द लँड’ असे वाक्य होते. शब्दशः पाहिले तर बंधन जमिनीबरोबर धावते, आणि ‘बंधन जमिनीवर चालते’ असे केले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत हा अर्थ मिळण्याची शक्यता कमी. ओईडीत तो कायद्याच्या परिभाषेतील अर्थ म्हणून स्वतंत्र नोंदवलेला आहे आणि त्याचा आशय असा की मालमत्तेचा मालक बदलला तरी ते बंधन किंवा तो हक्क त्या मालमत्तेला चिकटून पुढच्या मालकाकडे जातो. हे एकदा कळल्यावर मराठीत शोधाशोध करावी लागत नाही. ‘वंशपरंपरेने चालत आलेला हक्क’, ‘पूर्वापार चालत आलेली वहिवाट’ ही भाषा आपल्या दस्तांत आहेच. म्हणून ‘जमीन कोणाच्याही मालकीची झाली तरी हे बंधन तिच्यासोबत चालत राहील’ असे लिहिता आले आणि वकिलांनाही ते मान्य झाले. कोशाने मला मराठी शब्द दिला नाही, तो देणे त्याचे कामही नव्हे; परंतु कोणत्या अर्थाचा मराठी शब्द शोधायचा ते त्याने निःसंदिग्धपणे सांगितले.

नामाची नोंद तुलनेने आटोपशीर असली तरी वाचायला अधिक रंजक आहे. क्रिकेटमधील ‘रन’ घ्या. जुन्या काळी धावसंख्या काठीवर खाचा पाडून मोजत आणि गुणांनाही ‘खाच’ असेच म्हणत. ‘रन’ हा शब्द तिथे पुढे स्थिरावला. मराठीने त्यासाठी ‘धाव’ घेतला आणि त्यावरून धावबाद, धावफलक, धावसंख्या, चोरटी धाव अशी एक सबंध शब्दसंपत्ती उभी केली, जी आज वर्तमानपत्रात वाचताना कुणालाही परकी वाटत नाही. गल्लीतली मुले ‘रन काढ’ म्हणतात तो भाग वेगळा. एका अर्थाला एक नेमका प्रतिशब्द मिळाला आणि तो टिकला, असे ‘रन’च्या बाबतीत फार थोड्या ठिकाणी घडले आहे. ‘रन ऑन द बँक’साठी आपल्याकडे अजून एक ठरलेला शब्द नाही, ठेवी काढून घेण्यासाठी उडालेली झुंबड असे सविस्तर लिहावे लागते, आणि ते योग्यही आहे, कारण त्यात काय घडते ते वाचकाला दिसते. कोंबड्यांना फिरायला जाळी लावून केलेली जागा, बर्फावरून घसरण्याची वाट, अंडी घालण्यासाठी नदीच्या उगमाकडे निघालेला माशांचा थवा, नाटकाच्या सलग प्रयोगांचा काळ आणि पायमोज्याची उसवत गेलेली रेघ, हे सारे इंग्रजीत ‘रन’च आहे. ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे सामान्य, साधारण दर्जाचा, हा अर्थ गिरणीतून प्रतवारी न करता बाहेर पडलेल्या मालावरून आला, हे कळल्यावर तो वाक्प्रचार पुन्हा कधी विसरत नाही.

आता दोषांकडे वळतो, आणि ते किरकोळ नाहीत. पहिला दोष मांडणीचा आहे. कोशाचा क्रम ऐतिहासिक असल्यामुळे आज सर्वाधिक वापरात असलेला अर्थ वर येईलच असे नाही; कधीच अस्तंगत झालेले अर्थही त्यांच्या जागी तितक्याच सन्मानाने उभे असतात. संशोधकाला हे हवेच असते. पण संपादकाला मजकूर तासाभरात द्यायचा असेल आणि ‘लेट मी रन धिस पास्ट यू’ याचा अर्थ हवा असेल, तर अकर्मक वापर, सकर्मक वापर, वाक्प्रचार आणि अव्यय जोडून झालेली क्रियापदे अशा विभागांतून त्याला वाट काढावी लागते. हे एकदा तुमच्या कानावर घालून तुमचे मत घेतो, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि तो शोधण्यासाठी इतकी पायपीट करायला लागू नये. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर विभागांची सूची समोर असल्यामुळे हे निभावते; भ्रमणध्वनीवर मात्र ‘रन’सारखी नोंद वाचणे कष्टाचे आहे. बोट वर सरकवत राहावे लागते आणि आपण कोणत्या अर्थाच्या पोटात आहोत याचे भान सुटते. शब्द जितका साधा तितकी नोंद मोठी, त्यामुळे ही अडचण नेमकी ज्या शब्दांसाठी कोश सर्वाधिक उपयोगी आहे त्यांच्याच बाबतीत तीव्र होते.

दुसरी अडचण अशी की हा कोश शब्दाचे आजचे शिष्टाचार शिकवण्यासाठी घडलेला नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, आणि मराठीत तो निवडणूक लढवतो किंवा निवडणुकीला उभा राहतो. प्रादेशिक वापराच्या खुणा कोशात आहेत. परंतु शिकणाऱ्याला आज कुणापुढे काय म्हणावे याचे मार्गदर्शन हवे असते आणि ते इथे शोधून काढावे लागते. शिवाय तिसऱ्या आवृत्तीचे काम अजून चालू असल्यामुळे अलीकडे सुधारलेल्या नोंदींशेजारी जुन्याच नोंदी कायम आहेत. प्रत्येक नोंदीखाली ती केव्हा सुधारली ते दिलेले असते, ही प्रामाणिक पद्धत आहे, आणि वापरणाऱ्याने ती तारीख पाहण्याची सवय लावून घ्यावी.

वर्गणीचा प्रश्नही आहे. काही माहिती विनामूल्य दिसते, पण सर्व अर्थ आणि अवतरणांचा संपूर्ण पट पाहायचा तर पैसे भरावे लागतात, आणि रुपयांत हिशेब केला तर एकट्या व्यक्तीला तो खर्च जाणवतो. ब्रिटनमधील अनेक सार्वजनिक ग्रंथालये आपल्या सभासदांना ही सेवा घरबसल्या मोफत देतात. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या ग्रंथालयाच्या ओळखपत्राने प्रवेश मिळतो का ते आधी पाहावे. इथल्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथपालांकडे चौकशी करावी. ज्यांना कागदच प्रिय आहे त्यांच्यासाठी १९७१ ची दोन खंडांची लघुआवृत्ती जुन्या पुस्तकांच्या बाजारात अधूनमधून दिसते. तिच्यात मूळ कोशाची चार पाने एका पानावर बसवली आहेत आणि सोबत भिंग दिलेले आहे. वस्तू म्हणून ती फार देखणी आहे, पण तिच्यात ‘रन’चे संगणकीय आयुष्य भेटणार नाही.

शाळा-महाविद्यालयात इंग्रजी शिकणाऱ्याने ‘रन’ समजून घेण्यासाठी ओईडीकडे मुळीच जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी ए. एस. हॉर्नबी यांच्या परंपरेतील ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश आहे, १९७८ पासून निघणारा आणि सुमारे २,००० सोप्या शब्दांतच सर्व व्याख्या देणारा लाँगमनचा कोश आहे, आणि जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार होऊन १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला कोबिल्ड आहे. यांतला कोबिल्ड मला सर्वांत जवळचा वाटतो. तो व्याख्या पूर्ण वाक्यात देतो, म्हणजे शब्द कोणत्या कर्त्याबरोबर आणि कोणत्या कर्माबरोबर येतो ते व्याख्येतच कळते. ‘रन’सारख्या क्रियापदाच्या बाबतीत ही पद्धत अमोल आहे, कारण तिथे सगळा अर्थ कर्ता आणि कर्म यांवरच ठरतो. नदी असेल तर वाहणे, रस्ता असेल तर नदीच्या कडेने जाणे, भाडेकरार असेल तर अमुक तारखेपर्यंत लागू असणे, एखादा गुण असेल तर तो घराण्यातच असणे, आणि तापाच्या बाबतीत तर मराठीत क्रियापद बदलून अंगात ताप असणे.

इंग्रजी-मराठी कोशांत मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ च्या कोशापासून आजच्या विद्यार्थिकोशांपर्यंत मोठी परंपरा आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. तरीही बाजारात सहज मिळणारे बहुतेक द्विभाषिक कोश ‘रन’पुढे प्रतिशब्दांची स्वल्पविरामांनी जोडलेली रांग लावतात. धावणे, पळणे, वाहणे, चालवणे, असे लिहिलेले असते. पण यातला कोणता कधी घ्यायचा याचा पत्ता नसतो. आपल्याकडे नमुना नाही असेही नाही. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, आणि त्यात मराठी शब्दाच्या अर्थासोबत ज्ञानेश्वरीपासूनची अवतरणे दिलेली आहेत. तीच शिस्त इंग्रजी-मराठी कोशाला लावली, म्हणजे ‘रन’च्या प्रत्येक मराठी प्रतिशब्दापुढे प्रत्यक्ष छापून आलेल्या भाषांतरातले एक वाक्य दिले, तर भाषांतरकारांची निम्मी यातायात वाचेल. आज मी ओईडी आणि दाते-कर्वे शेजारी शेजारी उघडून हे काम हाताने करतो.

तेव्हा वर्गणी कोणी भरावी? कायदा, इतिहास आणि जुने साहित्य यांची भाषांतरे करणाऱ्यांनी, कोशकारांनी, भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी आणि इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकांनी ती निःशंकपणे भरावी. एकोणिसाव्या शतकातील कादंबरी किंवा कंपनी सरकारचा दप्तरी पत्रव्यवहार वाचताना ‘रन’चा त्या काळचा अर्थ काय होता हे इतक्या पुराव्यानिशी सांगणारे दुसरे साधन नाही. बातम्या, जाहिराती आणि कचेरीतला पत्रव्यवहार यांपुरते काम असेल, तर एक चांगला विद्यार्थिकोश पुरेसा आहे. वर्गणी भरण्यापूर्वी संकेतस्थळावर ‘रन’ची विनामूल्य दिसणारी माहिती एकदा सावकाश वाचावी, आणि भरायचीच झाली तर वाचन भ्रमणध्वनीवर न करता संगणकावर करावे.